बॅटरीवरच्या ईएसपी३२ साठी सप्लाय आणि अँटेना: बोर्ड असा मांडा

यूएसबीवर छान चालणारा ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप) बॅटरीला जोडला, की वायफाय सुरू होताच रीसेट होतो. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ ही ओळ, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याची सूचना, दिसली, तर आधी सप्लाय तपासा, कोड नंतर.

आधी गरज मोजा. वायफायवरून डेटा पाठवताना ईएसपी३२ चं वरूम मॉड्यूल (चिप आणि अँटेना एकत्र असलेला तयार तुकडा) सुमारे २४० मिलिअँपिअर करंट ओढतं, क्षणभर त्याहूनही जास्त. डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिप जवळपास बंद असताना, तिला १० मायक्रोअँपिअर पुरतात. व्होल्टेज मात्र कायम ३.० ते ३.६ मध्येच हवं. म्हणून सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअरचा धरा.

मग रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ३.३ वर स्थिर ठेवणारा भाग, निवडा. बहुतेक गडबड इथेच होते. बाजारात सहज मिळणारा एएमएस१११७ बॅटरीसाठी घेऊच नका. त्याला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्टने जास्त लागतं, म्हणजे ३.३ साठी ४.४, आणि लिथियम-आयन सेल पूर्ण भरला तरी ४.२ च देतो. शिवाय हा रेग्युलेटर स्वतःच जवळपास ५ मिलिअँपिअर खातो. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल असेल तर मॉड्यूल झोपलेलं असूनही तीन आठवड्यांत बॅटरी संपते. त्याऐवजी एपी२११२के-३.३ घ्या: ६०० मिलिअँपिअर देतो, स्वतः सुमारे ५५ मायक्रोअँपिअर घेतो, आणि सेल ३.५ व्होल्टपर्यंत उतरला तरी तग धरतो. सेल संरक्षण सर्किट असलेलाच घ्या. यूएसबी पोर्टसकट मिळणारा तयार डेव्हलपमेंट बोर्ड टाळा. त्यावरची यूएसबी चिप आणि एलईडी सगळी बचत खाऊन टाकतात.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला तिच्या दोन टोकांमध्ये १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावले तर २१ मायक्रोअँपिअर सतत वाहतात, झोपलेल्या चिपच्या दुप्पट! १ मेगाओहमचे लावा, मधल्या बिंदूपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि मधला बिंदू जोडायला पिन एडीसी१ चीच घ्या (एडीसी म्हणजे चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग, असे दोन आहेत), कारण वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही.

कपॅसिटर जवळ ठेवा. ३.३ व्होल्टच्या पिनला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरड, शेजारी २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. ट्रॅक रुंद आणि आखूड, खाली सलग ग्राउंड. ईएन पिनला (चिप चालू-बंद करणारी पिन) ३.३ व्होल्टकडून १० किलोओहम आणि ग्राउंडला १ मायक्रोफॅरड द्या, म्हणजे व्होल्टेज स्थिरावल्यावरच चिप जागी होते.

आता अँटेना. सुटी चिप घेऊन अँटेनापर्यंतचा ५० ओहमचा ट्रॅक आणि मॅचिंग (चिप आणि अँटेनाचा मेळ) स्वतः जुळवण्याच्या भानगडीत पहिल्या बोर्डला पडू नका. अँटेनासकटचं मॉड्यूल घ्या, ते बोर्डाच्या कडेला ठेवा आणि अँटेना बाहेर डोकावू द्या. ते जमत नसेल तर तिच्या भोवती १५ मिलिमीटर जागा मोकळी सोडा: कुठल्याही थरात तांबं नको, स्क्रू नको, सेल तर अजिबात नको. पत्र्याच्या डब्यात ती बंद केली तर बाकीची मेहनत वाया जाते. प्लास्टिकचा डबा वापरा.

शेवटी तपासणी. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्यात दिसत नाही. ऑसिलोस्कोपचा प्रोब मॉड्यूलच्या पिनवरच लावा, उतरत्या कडेला ३.१ व्होल्टवर सिंगल ट्रिगर ठेवा (व्होल्टेज त्याखाली गेलं, की चित्र तिथेच थांबतं) आणि वायफाय जोडा. ट्रिगर झाला, तर रेग्युलेटर आणि ट्रॅक पुन्हा पाहा. मग त्याच जागी, एकदा डबा उघडा असताना आणि एकदा बंद असताना, आरएसएसआयचे (सिग्नलच्या ताकदीचे, डीबीएममधले) आकडे घ्या. उणे ५५ चे उणे ६५ झाले तर सिग्नल दहा पटींनी घटला. मॉड्यूल फिरवून किंवा सेल दूर सरकवून पुन्हा मोजा.