मॉड्युलर सिंथेसायझरसाठी छोटा कीबोर्ड: गणपतीआधी करावयाची तयारी

गणपतीत वाडीतल्या भजनाला मॉड्युलर सिंथेसायझरची, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून स्वर काढणाऱ्या विद्युत वाद्याची, साथ द्यावयाची असेल, तर कीबोर्डाचा विचार आषाढातच सुरू करावा. पावसाळ्यात किनाऱ्यापर्यंत पार्सल पोहोचायला वेळ लागतो, आणि आलेली वस्तू तपासून, जुळवून तिच्यावर हात बसायला निदान तीन आठवडे हवेत.

खरेदीपूर्वी आपल्या सिंथेसायझरला नेमके काय लागते ते कागदावर लिहून काढावे. 1990 च्या दशकाच्या मध्यास डोएफर या जर्मन कंपनीने आणलेल्या आणि आता सर्वत्र रुळलेल्या युरोरॅक पद्धतीत स्वराची उंची विद्युतदाबाने, म्हणजे कंट्रोल व्होल्टेज किंवा सीव्हीने, ठरते. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे लागून असलेल्या दोन स्वरांमध्ये सुमारे 83.3 मिलिव्होल्टचे अंतर पडते. 1978 च्या कॉर्ग एमएस-20 सारख्या जुन्या यंत्रांचा हिशोब निराळा आहे, कारण तेथे दर सप्तकाला दाब दुप्पट व्हावा लागतो आणि पट्टी दाबल्याची खूणही दाब वर नेऊन नव्हे, तर शून्यावर आणून दिली जाते. आपल्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रे असतील, तर आर्टुरियाच्या कीस्टेपसारखा दोन्ही पद्धतींवर बेतता येणारा कीबोर्ड घ्यावा. केवळ यूएसबी आणि मिडी (स्वर आकड्यांच्या संदेशांनी पाठवण्याची पद्धत) असलेला कीबोर्ड स्वस्त पडतो खरा, पण मग मिडीचे सीव्हीत रूपांतर करणारे मॉड्यूल वेगळे घ्यावे लागते आणि वाचलेले पैसे तिकडे जातात. म्हणून कीबोर्डाच्या मागे सीव्ही आणि गेट (पट्टी दाबल्याची खूण) यांसाठी 3.5 मिलिमीटरची सॉकेट आहेत ना, हे छायाचित्रावर न विसंबता माहितीपुस्तिकेत वाचून खात्री करून घ्यावी.

पट्ट्यांच्या संख्येवर फार वेळ घालवू नये. 25 पट्ट्यांत दोन सप्तके, 32 मध्ये अडीच आणि 37 मध्ये तीन मिळतात, आणि सप्तक वर-खाली करण्याचे बटण बहुतेक सर्वांना असते. रुंदी मात्र हाताने पाहावी. ज्याची बोटे वर्षानुवर्षे पेटीवर फिरली आहेत त्याला अरुंद पट्ट्यांवर पहिला आठवडा चिमटे काढल्यासारखे वाटते. शक्य असेल तर ओळखीच्या कोणाचा तरी कीबोर्ड अर्धा तास मागून आणावा आणि नेहमीचा एखादा अभंग त्यावर सबंध वाजवून पाहावा.

कीबोर्ड घरी आला की पहिल्या दिवशी संगीत करू नये, मल्टिमीटर काढावा. तळाचा सा धरून त्याचा दाब लिहावा, मग वरच्या प्रत्येक सप्तकातील सा घेऊन दर वेळी बरोबर एक व्होल्ट वाढतो का ते पाहावे. एका सेंटला, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला, 0.83 मिलिव्होल्ट लागतात, त्यामुळे पाच मिलिव्होल्टची चूक सहा सेंट होते आणि पेटीच्या शेजारी बसल्यावर ती कानाला टोचते. हे मोजमाप मल्टिमीटरवर जमले तरी पुरे नाही. एका वर्षी मी एकाच कीबोर्डाचा सीव्ही साध्या फाट्याने, ज्याला पॅसिव्ह मल्टिपल म्हणतात त्याने, तीन ऑसिलेटरांना, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलना, वाटला होता. तळाच्या सप्तकात सर्व ठीक होते, परंतु गजर वर चढू लागला तशी माझी साथ उतरू लागली आणि पखवाजवाल्याने वाजवता वाजवता माझ्याकडे मान वळवली. कारण नंतर कागदावर सापडले. माझ्या कीबोर्डाच्या बाहेरच्या वाटेवर एक किलोओहमचा रोध होता आणि प्रत्येक ऑसिलेटरचा आतला रोध शंभर किलोओहम. एक ऑसिलेटर जोडला की दाब सुमारे एक टक्का घटतो, म्हणजे सप्तकामागे बारा सेंट. तीन जोडले की जवळपास तीन टक्के. म्हणून एकाहून अधिक ऑसिलेटर चालवावयाचे असतील तर बफर असलेला, म्हणजे दाब घटू न देता वाटणारा, मल्टिपल यादीत घालावा, आणि जुळवणी नेहमी ज्या जोडणीवर वाजवणार तीच जोडणी करून, यंत्र अर्धा तास तापू देऊन मग करावी.

गाण्याची पट्टी कोणती, म्हणजे सा कोठे धरणार, हे बुवांना आधी विचारून ठेवावे. काळी एक असेल तर कीबोर्डाचा ट्रान्सपोज एका पायरीने वर ठेवला की पांढरी एकची बोटे तशीच चालतात. मात्र जुन्या पेट्यांचे सूर वापराने सरकलेले असतात, त्यामुळे ट्यूनरवरच्या 440 हर्ट्झचा हट्ट धरू नये. पेटीचा सा ऐकून ऑसिलेटरची बारीक कळ फिरवावी, कारण कीबोर्ड फक्त स्वरांमधील अंतरे देतो.

याहून बारीक काम करावयाचे असेल तर स्वतः कीबोर्ड बनवण्याचा किंवा बदलण्याचा मार्ग आहे, आणि माझ्या मते छोट्या कीबोर्डाची खरी मजा तिथे आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सा पासून 386 सेंटवर असतो, तर बाजारातील प्रत्येक कीबोर्ड तो मुळात 400 वर देतो. हा फरक सुमारे साडेअकरा मिलिव्होल्टचा आहे. रास्पबेरी पाय पिको किंवा प्रोग्रॅम चालवणाऱ्या तत्सम लहान बोर्डाला एमसीपी4822 ही बारा बिटांची डीएसी चिप (आकड्याचा विद्युतदाब करणारी) जोडली, तर 0 ते 4.095 व्होल्टपर्यंत एक-एक मिलिव्होल्टच्या पायऱ्या मिळतात, म्हणजे चार सप्तके आणि प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र लिहिलेला दाब. त्या बाराच आकड्यांची एक सारणी प्रोग्रॅममध्ये असते, आणि राग बदलला की सारणी बदलते. एकल स्वराच्या यंत्रात दोन पट्ट्या एकदम दाबल्यास शेवटची बोलावी की खालची, हेही तेथेच ठरवावे. भजनाच्या साथीला शेवटची बरी. पेटीला न जमणारी मींड हवी असल्यास ग्लाइडची कळ हाताशी असू द्यावी, पण ती अंतऱ्यात विसरून चालू राहिली तर फजिती होते.

आता आपल्या किनाऱ्याचा भाग. खारा दमट वारा सॉकेटच्या धातूवर बसतो आणि पॅच केबल (मॉड्यूल जोडणारी तार) फिरवली की खरखर ऐकू येते. पट्ट्यांखाली रबराचे कार्बन लावलेले संपर्क असतात, दर पट्टीला दोन. बोटाचा जोर या दोहोंच्या वेळेतील फरकावरून मोजला जातो, म्हणून त्यातील एक मळला की ती पट्टी कधी मुकी राहते, कधी ओरडते. असा कीबोर्ड स्क्रू काढून उघडता येणारा हवा, हा माझा निकष आहे, आणि तो पट्ट्यांच्या संख्येच्या कितीतरी आधी येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट बोर्डावरचे ठसे हलक्या हाताने पुसावेत, रबराच्या काळ्या टिकल्या घासू नयेत. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि नारिंगी दाणे हिरवे पडले की बदलाव्यात. तांदळाच्या डब्यात उपकरण पुरण्याचा उपाय गावोगाव सांगितला जातो. त्याने ओल फारशी जात नाही, उलट पट्ट्यांच्या फटींत कोंडा बसतो.

विजेचा भरवसा धरू नये. कीबोर्ड पॉवर बँकेवर चालवण्याचा विचार असेल तर घरी अर्धा तास चालवून पाहावा, कारण फारच थोडी वीज खेचणाऱ्या उपकरणाला पुष्कळ पॉवर बँका रिकामे समजून आपोआप बंद होतात. लॅपटॉपला यूएसबीने जोडून घुंई असा आवाज आला तर दोष बहुधा अर्थिंगच्या वाटेतला असतो. यूएसबी आयसोलेटर किंवा वेगळा चार्जर वापरावा. आमच्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, म्हणून ही तपासणी पडवीत जिथे बसणार त्याच सॉकेटवर करावी, माजघरात नव्हे.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीत घालावयाच्या वस्तू अशा: लागतात त्याहून दोन अधिक मोनो पॅच केबल, यूएसबीची दुसरी केबल, मल्टिमीटर, छोटा स्क्रूड्रायव्हर, जुळवणीचे आकडे लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात, आणि पडवीवर वाऱ्याने पाऊस आत आला तर कीबोर्डावर टाकायला एक कोरडा पंचा. गाडीतून उतरल्यावर पिशवी लगेच उघडू नये. एसीत गार झालेला कीबोर्ड दमट हवेत आला की आतून घामतो, म्हणून आरतीची तयारी चालू असेपर्यंत तो तसाच बंद राहू द्यावा.