लिंबू कापायची तलवार: घ्यावी कशी, पाजवावी कशी

तालमीत आलेलं पोरगं काठी-फरी शिकून जरा हाताला वळण लागलं की विचारतं, "वस्ताद, तलवारीला धार कुठं लावून मिळंल?" पातं कसलं आहे, मूठ पक्की आहे का, आपला हात सरळ पडतो का, हे आधी कुणी विचारत नाही. पोटापाण्यासाठी मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टूलरूमचा फिटर म्हणून कानस चालवली आणि संध्याकाळी तालमीत मर्दानी खेळ शिकवला, त्यामुळे लोखंडाचं आणि हाताचं, दोन्हीकडचं थोडं कळतं. केळीचा खुंट, ऊस, लिंबू कापण्याच्या सरावात धार सगळ्यात शेवटी येते, हे माझं मत. आधी परवाना, मग पातं, मग मूठ, मग धार.

परवान्याचं आधी उरकतो, कारण ते टाळून पुढं जाता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ चे शस्त्र नियम यांत तलवार, खंजीर, भाला यांची वेगळी वर्गवारी आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं त्यात येतं. घरकामाची, शेतीची आणि कारखान्याची अवजारं तेवढी वगळली आहेत. कलम ४ खाली जिथं अधिसूचना लागू आहे तिथं असं हत्यार विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि बाळगायला परवाना लागतो. शिवाय मिरवणुका, निवडणुका, सणवार आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो, त्यात तलवार रस्त्यावर नेणं बंदच. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात चौकशी करा, जे सांगतील ते कागदावर घ्या. फोनवर फोटो बघून कुरिअरनं तलवार मागवायचा उद्योग तर करूच नका. तशी पार्सलं पकडली जातात आणि गुन्हा मागवणाऱ्यावरही दाखल होतो. "बोथट आहे हो साहेब, शोभेची आहे" हे सांगून सुटका होईल असं धरून चालू नका. परवाना मिळत नसेल तर ज्या आखाड्याकडं रीतसर कागद आहेत तिथं जाऊन, वस्तादाच्या नजरेखाली सराव करा. सरावाला तलवार आपल्या मालकीची असलीच पाहिजे असं काही नाही.

आता खरेदी. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक तलवारी भिंतीवर टांगायच्या असतात. चकचकीत स्टेनलेस, मुठीवर सोनेरी मुलामा, मखमली म्यान, फेटा बांधलेल्या पाहुण्याच्या हातात सत्काराला द्यायला झकास. कापायला ती घेऊ नका, फुकट मिळाली तरी. लांब पात्याला लागणारा चिवटपणा त्या स्टेनलेसमध्ये नसतो, आणि मुठीच्या आत बहुतेक वेळा पात्याला वेल्ड केलेली एक बारीक सळई असते. जोरात घाव घातला की वेल्ड सुटतं आणि दोन-अडीच फुटांचं पातं मोकळं उडतं. कुणाकडं उडेल ते देवाला ठाऊक.

कामाचं पातं कार्बन पोलादाचं. १०६०, १०७५ किंवा ५१६० हे पोलादाच्या जातीचे आकडे विकणाऱ्यानं सांगितले तर बोलणं पुढं न्यायला हरकत नाही. आपल्याकडं ईएन ४५ म्हणतात ते ट्रकच्या पाट्याचं पोलाद. गावोगावचे लोहार त्याचेच कोयते घडवतात, आणि नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून-बुडवून योग्य तेवढं कडक केलं, तर तलवारीलाही ते उत्तम. 'नीट पाणी दिलं तर' हा भाग मात्र महत्त्वाचा. पोलाद कितीही चांगलं असो, पाणी कच्चं राहिलं तर धार मुडपते आणि जास्त कडक झालं तर ठिसूळ होऊन ठिकरी उडते. विकणारा तयार असेल तर मुठीजवळच्या, न दिसणाऱ्या जागी बारीक दाताची कानस एकदा हलकी फिरवून बघा. कानस नुसती घसरली तर पातं फार कडक. लोण्यात गेल्यागत रुतली तर मऊ. थोडा चावा घेते पण कष्टानं, ते आपल्याला हवं. आकड्यात सांगायचं तर कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ४८ ते ५५ च्या आसपास.

मग पातं डोळ्यांसमोर धरा, मुठीकडून टोकाकडं एक डोळा मिटून बघा. पाठीची रेघ सरळ जायला हवी. टोक लाकडावर टेकवून किंचित वाकवा आणि सोडा: पूर्ण जागेवर आलं पाहिजे. फार वाकवून मर्दुमकी दाखवू नका, दुकानदार चिडेल आणि त्याचं बरोबर असेल. वजन मुठीसकट किलोच्या आगेमागे असावं, सव्वा किलोच्या वर नको. मुठीपुढं चार ते सहा इंचांवर बोटावर तोलली गेली तर मनगट खूश राहतं. जड तलवार जास्त कापते हा गैरसमज आहे. जड तलवार वेळेवर थांबत नाही, एवढंच.

आपल्या तलवारीची मूठ हा स्वतंत्र विषय आहे. मागं ती गोल वाटी, पुढं परज म्हणजे हाताला वाचवणारी आड, मध्ये पंजा घट्ट बसेल एवढीच जागा. नवशिक्याला मूठ लहान वाटते आणि तो मोठी मागतो. पण ती लहान असते ती मुद्दाम. वाटी मनगटाला टेकते, हात खांद्यापासून फिरतो आणि घाव ओढत येतो. ही तलवार कुऱ्हाडीसारखी हाणायची नाहीच, पातं लक्ष्यावरून सरकवत आणायचं. म्हणून मूठ हातात घेऊन पंजा आवळा: चारही बोटं बसली पाहिजेत, पण पंजा मागंपुढं सरकता कामा नये.

जुन्या पद्धतीत पात्याचा मुठीत जाणारा भाग आखूडच असायचा आणि तो लाख, राळ, विटेची पूड यांच्या गरम मिश्रणात बसवलेला. चांगल्या कारागिरानं बसवलेली अशी मूठ वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे 'लाख आहे' म्हणून नाक मुरडू नका. मात्र लाख उष्णतेनं मऊ पडते. तलवार उन्हात बंद गाडीत टाकून ठेवायची नाही, आणि प्रत्येक सरावाआधी मूठ एका हातात, पातं कापडात धरून दुसऱ्या हातात घेऊन पिळून बघायचं. कट्ट असा आवाज किंवा जराशी हालचाल, की त्या दिवशी कापणं बंद. नवी बनवून घेत असाल तर आतला भाग लांब ठेवून मागं वाटीपाशी ठोकून पक्का करून घ्या.

घरात पणजोबांची तलवार असेल तर तिला कानस लावायची नाही. मराठ्यांकडं युरोपातून आलेल्या पात्यांच्या फिरंगी होत्या, जौहरदार, म्हणजे अंगावर लाटांसारखी नक्षी उमटलेल्या पोलादाच्या होत्या. त्यांच्या पात्यावरची नक्षी, खुणा, जुनी धार हे सगळं एकदा घासलं की गेलं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते ते वेगळंच. तिला कोरडं ठेवा, जाणकाराला दाखवा, कागदपत्रं बघा, आणि सरावाला दुसरी घ्या.

आता धार. नवं पातं बहुतेक वेळा बोथटच येतं, धारेच्या जागी एक-दीड मिलिमीटर जाडीची कड. पहिला मोह होतो तो बेंच ग्राइंडरवर धरायचा. धरू नका. पातळ कड क्षणात तापते; पोलाद पिवळसर दिसायला लागलं की २२० अंशांच्या वर गेलं, निळं पडलं की ३०० च्या आसपास. निळ्या पडलेल्या जागेचं पाणी उतरू शकतं, मग तिथली धार टिकत नाही. कात्र्या पाजवणाऱ्या फिरत्या धारवाल्याकडंही ही नेऊ नका, त्याचा दगड आणि त्याची सवय आखूड पात्याची. ओळखीचा जुना शिकलगार असेल तर गोष्ट वेगळी. तलवारी पाजवणं हा त्यांच्या पिढ्यांचा धंदा. त्याच्यासमोर बसून बघा, मध्ये बोलू नका.

स्वतः करणार असाल तर हातानंच. भक्कम टेबलावर गोणपाट अंथरा, त्यावर लाकडी फळी, फळीवर पातं आडवं, पाठ आपल्याकडं आणि धार पलीकडं. मुठीशी आणि टोकाशी लाकडाचे तुकडे लावून शिकंज्यानं आवळा. हातात सहज कापले न जाणारे मोजे घाला, टोकाला बुचाचा तुकडा खोचा. घरात लहान मुलं असतील तर खोलीला आतून कडी.

कोन पकडण्यासाठी कारखान्यातली साधी युक्ती सांगतो. १०० मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर उंच असा काटकोनी लाकडी पाचर करा: तो २० अंशांचा. ४७ मिलिमीटर उंच केला तर २५ अंशांचा. कानस पात्यावर टेकवायची तेव्हा पाचर शेजारी धरून तिरकेपणा नजरेत भरून घ्यायचा. मग धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करनं रेघ ओढा. कानस फिरवली की शाई कुठली गेली ते बघा. वरची गेली तर कोन कमी, नुसती कडेची गेली तर जास्त.

सगळ्या पात्याला एकसारखी धार देऊ नका. पात्याचे तीन सारखे भाग धरा, मुठीकडचा पहिला भाग बोथटच ठेवायचा. तिथं कापायचं नसतं, अडवायचं असतं, आणि बोट चुकून तिथंच जातं. मधल्या भागाला २५ अंश, टोकाकडच्या तिसऱ्या भागाला २०. कापण्याचं सगळं काम या शेवटच्या भागात होतं, पण अगदी टोकानं नव्हे, टोकाच्या चार-पाच बोटं आत.

मध्यम दाताची सपाट कानस मुठीकडून टोकाकडं, पुढं ढकलताना दाब, मागं घेताना उचलून. मागंपुढं रेटली तर कानशीचे दात मरतात. एका बाजूला थोडं, मग पातं उलटून दुसऱ्या बाजूला तेवढंच, नाहीतर धार मध्यावरून सरकते आणि घाव एका अंगाला ओढतो. कडेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की कानस ठेवून द्या. पुढं कार्बोरंडमचा दगड, आधी १२० चा, मग २२० चा, पाण्यासकट. तलवारीत दगड पात्यावर फिरवायचा असतो, पातं दगडावर नाही. लांब पातं हातात धरून निसण्यावर घासायला गेलात तर टोकाशी कोन बिघडतोच.

दगडानं घासता घासता पलीकडच्या बाजूला तारेसारखी बारीक कड उठते. डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा धारेपासून बाहेरच्या दिशेनं हलका फिरवा, धागा अडकला की ती उठली. मुठीपासून टोकापर्यंत सलग उठली की बाजू बदला. मग वॉटर पेपर: ४००, ६००, ८००. लाकडी ठोकळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून त्यावर पेपर गुंडाळा. रबर किंचित दबतं आणि धारेमागचा खांदा गोलसर होतो. असा गोलसर खांदा धारेला आधार देतो. सरळ, पातळ, वस्तऱ्यासारखी धार कागद छान कापते आणि पहिल्याच कडक घावाला मुडपते. शेवटी पट्ट्याच्या जाड चामड्यावर हिरव्या पॉलिशची वडी घासून ते चामडं पाठीकडून धारेच्या दिशेनं ओढायचं, उलट कधीच नाही. ८०० नंतर आरशासारखी चमक आणायला लोक आठवडे घालवतात. हौस म्हणून ठीक, कापण्यात फरक पडत नाही.

अंगठा फिरवून धार बघायची नाही. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला, फाटला नाही, की झालं.

कापायला सुरुवात केळीच्या खुंटापासून करा. घड काढल्यावर झाड तोडायचंच असतं, शेतकरी आनंदानं देतो. खुंट जमिनीत रोवून तिरका, वरून खाली, ४५ अंशांत. कापलेला भाग उचलून बघा: सपाट असेल तर पातं घावाच्या रेषेत होतं, वाटीसारखा खोलगट वळला असेल तर मनगट मध्येच फिरलं. हे वाचायला शिकलात की वस्तादाची निम्मी बडबड वाचते. पातं मध्येच अडकलं तर हिसकायचं, पिळायचं नाही, आलं तसं मागं ओढून काढायचं. मग पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली, दुधी, भिजवून गुंडाळलेली गवताची चटई, त्यानंतर उभा रोवलेला एकच ऊस. वाळका बांबू आणि नारळ नको, धारेला खांडे पडतात. लिंबू सगळ्यात शेवटी, तेही लाकडी ठोकळ्यावर ठेवून. प्रात्यक्षिकात ते माणसाच्या तळहातावर ठेवून कापताना तुम्ही बघितलं असेल. त्यामागं किती वर्षांचा हात असतो ते त्या माणसालाच माहीत. घरी भावाला उभं करून हा प्रयोग करायचा नाही. आणि दांडपट्ट्याचं यातलं काहीही लागू नाही. त्याचं पातं लवचिक, मनगट खोबळ्यात बंद, तो आधी बोथटच वर्षभर फिरवायचा.

सरावाच्या जागी हात आणि तलवार मिळून जेवढी लांबी होते त्याच्या दुप्पट अंतरात कुणी नको, पायाखाली ओलं नको. केळीच्या चिकानं मूठ बुळबुळीत होते, मध्ये मध्ये थांबून पुसा. तोच चीक आणि लिंबाचा रस पात्यावर काळे डाग पाडतात, म्हणून काम संपल्या संपल्या आधी ओलं, मग कोरडं फडकं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल वापरू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. दसऱ्याला पूजा केल्यावर हळदीकुंकू त्याच संध्याकाळी पुसून घ्या, ओलसर राहिलं की सकाळी ठिपके दिसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडी म्यान दमट होतं. जून ते सप्टेंबर पातं तेल लावून, सुती कापडात गुंडाळून, कुलपाच्या कपाटात म्यानाबाहेर ठेवा.