गायरानावरची एकदांडी ओळखताना

मराठवाड्यात बांधावर, गायरानात, मुरमाड माळावर जवळजवळ वर्षभर फुललेली दिसते ती एकदांडी. कुणी तिला कंबरमोडी म्हणतं, कुणी दगडी पाला. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, पण आता इथे पक्की रुजलेली.

ओळखायला फुलाचा दांडा बघा. पसरलेल्या झाडातून वीतभर लांब, केसाळ, पानं नसलेला दांडा सरळ वर येतो आणि टोकाला एकच फूल. मध्ये पिवळा गोंडा, भोवती साधारण पाच फिकट पाकळ्या. पाकळी जवळून पाहा, टोकाला तीन दात असतात. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. पानं समोरासमोर, खरखरीत, कडेला दातेरी.

गाजरगवताशी गल्लत मात्र करू नका. त्याची पानं गाजरासारखी चिरलेली, उभ्या खोडावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि अंगाला लागलं तर अनेकांना खाज सुटते. ते फुलायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. एकदांडी शेळ्या खातात, त्यामुळे गायरानात ती थोडीफार असली तर मी तिला हात लावणार नाही.

शेतात नको असेल तर पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना उपटा. नुसतं वरून कापून भागत नाही, कारण जमिनीला टेकलेल्या पेरांनाही मुळं फुटतात. बोंडं पिसासारखी फुलण्याआधीच हे काम उरका, नाहीतर बी वाऱ्यावर शेजारच्या रानात जातं.