रीसेट केलेला फोन उघडत नाही? आधी या चुका टाळा

नागपुरात, महाल भागात आमच्या शेजारच्या मावशी फोनचा पॅटर्न विसरल्या. भाच्यानं पॉवर आणि आवाजाचं बटण दाबून फोन रीसेट करून टाकला. फोटो गेलेच, वर फोन जुनं गूगल अकाउंट मागत बसला. "नव्यासारखा होते म्हणे, मग जुनं अकाउंट काहून मांगते?" मावशींचा प्रश्न रास्त होता.

हे कुलूप चोरासाठी आहे. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, असा बाहेरून, बटणं दाबून रीसेट केलेला फोन आधीच्या अकाउंटशिवाय सुरू होत नाही. म्हणून पहिली चूक हीच: अकाउंट कोणतं, पासवर्ड काय, हे न पाहता रीसेट करणं. रीसेट झालाच असेल तर त्या स्क्रीनवर जुना पिन किंवा पॅटर्न टाकायचा पर्याय दिसतो का बघा. पिन आठवत असेल तर तिथंच काम होतं.

मावशींना तर आयडीच, म्हणजे गूगल अकाउंटचा ईमेलच, माहीत नव्हता. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं तो बनवून दिला होता. हे घरोघरी आहे. आम्ही त्यांचं सिम सुनेच्या फोनमध्ये टाकलं, गूगलच्या साइन-इन पानावर 'ईमेल विसरलात?' वर गेलो, नंबर दिला, नाव दिलं. जुळेना. मग कपाटातून बिल निघालं, ते काकांच्या नावाचं. काकांचं नाव टाकताच ओटीपी आला आणि आयडी सापडला.

इथं लोक घाई करतात. अंदाजानं पासवर्ड टाकत राहू नका. खातं परत मिळवताना घरच्याच वायफायवर, नेहमी वापरात असलेल्या फोनवरून प्रयत्न करा. गूगल ओळखीची जागा आणि ओळखीचं उपकरण बघतं. आणि नवा पासवर्ड ठेवल्यावर फोनने तो लगेच घेतला नाही तर पुन्हा रीसेट करू नका, 24 तास थांबा. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकला, फोन उघडला.

'बायपास करून देतो', म्हणजे अकाउंटशिवायच कुलूप उघडून देतो, म्हणणाऱ्याच्या हाती फोन देऊ नका, कळकळीनं सांगते. त्यात कसलं सॉफ्टवेअर भरलं जातं ते आपल्याला कळत नाही, आणि त्याच फोनवर पुढे आपण बँकेचं ॲप टाकतो. आयडी सापडतच नसेल तर आयएमईआय (फोनचा 15 आकडी ओळख नंबर) असलेलं मूळ बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. आयफोनलाही असंच कुलूप आहे आणि तिथंही खरेदीचा पुरावाच कामी येतो.

फोन विकताना आधी सेटिंगमधून अकाउंट काढा, मग सेटिंगमधूनच रीसेट करा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर तो सुरू करा आणि होम स्क्रीन येईपर्यंत तिथंच उभे राहा. *#06# दाबून येणारा आयएमईआय बिलाशी जुळवा, इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस करा. उत्तरात फोन ब्लॅकलिस्टमध्ये दिसला तर घेऊ नका.