दिवाळीतला सेवा उपक्रम आणि नवे सदस्य: दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत काय, कधी, कसं करावं

दिवाळी जवळ आली की ठाण्यातल्या सेवा क्लबांमध्ये दोन प्रश्न एकदम निघतात. या वर्षी काय करायचं, आणि सदस्य कमी होताहेत तर नवे कुठून आणायचे. बहुतेक ठिकाणी यासाठी दोन वेगळ्या समित्या नेमल्या जातात. मला हे एकच काम वाटतं. नव्या माणसांवाचून जे अडेल असं एखादं काम दिवाळीत हाती घेतलं, तर सदस्य त्यातूनच मिळतात. रोटरी असो, लायन्स असो, त्यांचे तरुणांसाठीचे रोटरॅक्ट किंवा लिओ क्लब असोत, नाहीतर सोसायटीतल्या आठ-दहा जणांचा बिननावाचा गट असो, पुढची पद्धत सगळ्यांना लागू पडेल.

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे दिवाळीपर्यंत नवे अध्यक्ष-सचिव रुळलेले असतात आणि हातात अजून निम्म्याहून जास्त वर्ष असतं. नव्या माणसाला आत घ्यायला आणि त्याला काम शिकवायला याहून बरा काळ नाही.

१. काम निवडताना पंचांग बघा

ठाण्यासाठी माझी पहिली पसंती रक्तदान शिबिराला आहे. गणेशोत्सवात मंडळामंडळांतून शिबिरं होतात आणि नेहमीचे दाते तिथे रक्त देतात. दोन रक्तदानांमध्ये पुरुषाने ९० दिवस आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचं असतं. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजन साधारण पावणेदोन महिन्यांवर येतं. म्हणजे गणपतीत रक्त दिलेला दाता दिवाळीत पुन्हा देऊ शकत नाही. त्यातच कॉलेजं बंद, कंपन्यांना सुट्टी, निम्मं शहर गावी गेलेलं. शिबिरं जिथे भरतात त्या जागाच रिकाम्या असतात.

रुग्णालयांना मात्र सुट्टी नसते. बाळंतपणं, अपघात, शस्त्रक्रिया चालूच राहतात. थॅलेसेमियाच्या मुलांना ठरल्या दिवशी रक्त चढवावंच लागतं. पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी असते, आणि प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. आधी साठवून ठेवू म्हटलं तरी जमत नाही.

तेव्हा दिवाळीला लागतात ते नवे दाते. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत दोन-तीन वर्षांपूर्वी राहायला आलेली कुटुंबं, ज्यांचं अजून कुठल्या मंडळाशी नातं जुळलेलं नाही. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारे आणि भाड्याने राहणारे तरुण. नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलं. आता तुमच्या क्लबची सदस्ययादी काढून बघा. ही माणसं तिथेही नसतील. दाते आणि सदस्य एकाच दारातून येणार आहेत, हे ओळखून पुढची आखणी करा.

२. एक मोठं शिबिर नको, दोन लहान घ्या

एक शिबिर वसुबारसेच्या आधीच्या रविवारी आणि दुसरं भाऊबीज उलटल्यावरच्या पहिल्या रविवारी. पहिल्याचं रक्त सणाच्या आठवड्यात कामी येतं, दुसरं नंतरची पोकळी भरून काढतं. शिवाय पहिल्या वेळी मदतीला आलेला माणूस लगेच दुसऱ्या वेळी येऊ शकतो, आणि सदस्य मिळवण्याच्या दृष्टीने ही दुसरी वेळ फार मोलाची आहे.

रक्तकेंद्राला महिनाभर आधी पत्र द्या. किती पिशव्या हव्यात आणि त्यांचं पथक एका दिवसात किती दाते सांभाळू शकतं, हे त्यांनाच विचारा. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर रक्तकेंद्रांतला साठा दिसतो, तोही बघत राहा. पिशव्यांच्या विक्रमाच्या मागे लागू नका. एकाच दिवशी गरजेपेक्षा जास्त रक्त गोळा झालं तर ते मुदतीत वापरलं जाईलच असं नाही, आणि तेवढे सगळे दाते पुढचे तीन महिने हातचे जातात.

जागा तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेली, हवेशीर, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली हवी. सोसायटीचं क्लबहाऊस किंवा शाळेचा हॉल चालतो. सोसायटी असेल तर सचिवांची लेखी परवानगी घ्या.

दात्यांना आधीच सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देत असतील तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. रिकाम्या पोटी येऊ नये, आदल्या रात्री झोप झालेली असावी. चालू औषधं, अलीकडचा ताप, टॅटू हे सगळं डॉक्टरांना न लपवता सांगावं. अंतिम निर्णय रक्तकेंद्राच्या डॉक्टरांचा, तिथे क्लबच्या अध्यक्षांचीही शिफारस चालवू नका.

हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात. धीर करून, घरचा फराळ मागे ठेवून आलेल्या बाईला 'तुमचं चालणार नाही' एवढंच सांगून पाठवलं, तर ती पुन्हा येत नाही. त्यांच्यासाठी वेगळं टेबल ठेवा. आकडा कागदावर लिहून द्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि त्यांची इच्छा असेल तर नोंदणीच्या किंवा चहापाण्याच्या कामाला तिथेच बसवा. पुढे क्लबचा कणा होणाऱ्या बायका मी या टेबलावर भेटलेल्या पाहिल्या आहेत.

दात्यांना मिक्सर, बॅगा, कुपनं देऊ नका. रक्तदान विनामोबदला आणि स्वेच्छेनेच असायला हवं. प्रमाणपत्र, चहा, बिस्किटं आणि मनापासून आभार पुरेत.

३. दिवाळी पहाटेला नाव घ्या, रक्त नको

नरक चतुर्दशीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी तरुणांनी फुलून जाते. एवढी गर्दी बघून तिथेच शिबिर लावायचा मोह होतो. तो टाळा. पहाटे उठून, अभ्यंगस्नान करून आलेली मुलं उपाशीपोटी असतात, रात्रीची झोप अर्धवट झालेली असते, आणि त्या धक्काबुक्कीत रक्त दिल्यावर शांत पडून राहायला जागाही नसते. त्यापेक्षा महापालिका आणि पोलिसांची रीतसर परवानगी घेऊन एक टेबल लावा. नाव, रक्तगट, फोन आणि एकच प्रश्न: भाऊबीजेनंतरच्या रविवारी याल का? येणार म्हणणाऱ्याला त्याच दिवशी संध्याकाळी निरोप पाठवा. नंबर घेताना तो कशासाठी घेताय ते सांगा, आणि न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये घालू नका.

४. पाड्यावर जाणार असाल तर

येऊर, शहापूर, मुरबाड इथल्या आदिवासी पाड्यांवर फराळ आणि कपडे घेऊन जाणं हा आपल्याकडचा जुना उपक्रम. तो करावाच, पण तिथलं कॅलेंडर समजून घेऊन.

पाड्यावर दिवाळी नसते असा समज मनात धरून जाऊ नका. आपण वसुबारस म्हणतो त्याच दिवशी तिथे वाघबारस असते आणि तिथून त्यांचा सण सुरू होतो. त्याच दिवसांत भातकापणी चालू असते, त्यामुळे सकाळी दहाला गाड्या पोहोचल्या तर मोठी माणसं शेतात आणि घरी फक्त म्हातारीकोतारी आणि मुलं. वेळ संध्याकाळची ठेवा. आश्रमशाळेत कार्यक्रम करायचा असेल तर सुट्टी लागण्याआधी, कारण नंतर मुलं घरी गेलेली असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या मुलाला तुम्ही आज वह्या दिल्या ते पंधरा दिवसांनी भिवंडी-कल्याणकडच्या एखाद्या भट्टीवर असू शकतं. क्लबला वर्षभर पुरेल असं काम हवं असेल तर ते इथे आहे. मुख्याध्यापकांना विचारा, कोणती मुलं जाणार, कुठे जाणार, आणि त्या भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसवता येईल का.

काय न्यायचं हे आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) आणि शाळेतले शिक्षक सांगतील, त्यांना आधी जाऊन भेटा. दिवाळीच्या साफसफाईत ठाण्यातून कपड्यांचा पूर येतो. त्यातला वापरण्याजोगा भाग निवडण्यात अख्खा आठवडा जातो. म्हणून आवाहनात एकच वस्तू मागा, उदाहरणार्थ थंडीसाठी नवी किंवा धुतलेली चादर. फराळ बचत गटाकडून घ्या आणि ऑर्डर नवरात्रातच द्या. बेसनलाडू, शंकरपाळे, चिवडा प्रवासात टिकतात. ओल्या नारळाचं काही नको, आणि चकलीचा पोहोचेपर्यंत चुरा होतो.

मुलांना रांगेत उभं करून, हातात पाकीट देतानाचे फोटो काढू नका. त्या पाड्यावरची माणसंही तुमचं स्टेटस बघतात.

५. पैशाचं आधी नीट करा

नवा माणूस सगळ्यात आधी हेच बघतो, तोंडाने विचारत नाही एवढंच. देणगी क्लबच्या किंवा ट्रस्टच्या बँक खात्यातच घ्या, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. नोंदणी नसलेल्या गटाने महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गट लहान असेल तर नोंदणीकृत ट्रस्टबरोबर मिळून उपक्रम करणं सोपं. आयकराची सवलत देऊ शकत असाल तरच तसं सांगा, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही हेही सांगा. हिशेब तुळशीच्या लग्नापर्यंत सगळ्यांना पाठवून टाका.

६. माणसं बोलवा, पण सदस्य व्हा म्हणू नका. अजून नाही

दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक सदस्याने तीन नावं लिहावीत. श्रीमंत किंवा मोठ्या हुद्द्याची नकोत. कधीतरी 'आपण काहीतरी केलं पाहिजे' असं म्हणालेली हवीत: गेल्या वर्षी निवृत्त झालेले शेजारी, मुलं मोठी झाल्याने दुपार मोकळी असलेल्या मावशी, नोकरीसाठी नागपूर-सोलापूरहून आलेला आणि इथे कोणी ओळखीचं नसलेला मुलगा. दिवाळीत या शेवटच्या मुलाला घर फार आठवतं. त्याला कामाबरोबर जेवायलाही बोलवा.

फोन स्वतः करा. काम आणि वेळ नेमकी सांगा. 'काका, रविवारी आमचं शिबिर आहे, याल का?' यावर 'बघतो' एवढंच उत्तर येतं. 'काका, रविवारी नऊ ते अकरा दात्यांची नावं लिहून घ्यायला एक माणूस कमी पडतोय, तुमचं अक्षर चांगलं आहे' यावर माणूस येतो, कारण आपण गेलो नाही तर अडेल हे त्याला कळतं. आल्यावर त्याला खरंच ते काम द्या. त्याला खुर्चीत बसवून सत्कार बघायला लावू नका. अध्यक्षांचं भाषण, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे सगळं मिळून दहा मिनिटांत आटपा. सेवा करायला आलेला माणूस इथेच कंटाळून परत जातो, हे आपण सगळ्यांनी मनावर घ्यायला हवं.

प्रत्येक नव्या माणसाला एक जुना सदस्य जोडून द्या. त्याने दिवसभर सोबत राहायचं, नावाने हाक मारायची, आणि दोन दिवसांत फोन करून विचारायचं की काय आवडलं, काय खटकलं. खटकलेलं लिहून घ्यायचं. ग्रुपवरचा 'सर्वांचे आभार' हा मेसेज या फोनची जागा घेत नाही.

७. विचारायची वेळ

दुसऱ्या शिबिरालाही जो आला, त्यालाच विचारा. भाऊबीज आणि तुळशीच्या लग्नाच्या मधल्या दिवसांत एक फराळभेट ठेवा. उरलेला चिवडा, चहा, एक तास, आणि जागा हॉटेल नको, कोणाचं घर किंवा क्लबहाऊस. तिथे चार गोष्टी मोकळेपणाने सांगा: वर्षाला एकूण किती पैसे लागतात, सभांच्या जेवणासकट, महिन्याला किती तास, वर्षभरातली कामं कोणती, आणि न आवडल्यास बाहेर कसं पडायचं. पैशाचा आकडा फॉर्म भरल्यावर कळला तर नव्या माणसाला फसल्यासारखं होतं.

क्लब कशासाठी असतो, असं कोणी विचारलं तर पोलिओची गोष्ट सांगा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम जगभर हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार, आरोग्यसेविका आणि रविवारी बूथवर बसलेले हजारो साधे सदस्य यांनी मिळून ते घडवलं. लायन्सचं डोळ्यांचं काम तर १९२५ पासून चालू आहे.

फॉर्म भरणं, सूचक सदस्याची सही, कार्यकारी मंडळाची मान्यता हे ज्या त्या क्लबच्या नियमाने होईल. मंडळाची बैठक लगेच घ्या, माणसाला दोन महिने ताटकळत ठेवू नका. ज्याला फी किंवा वेळ झेपत नाही त्याला स्वयंसेवक म्हणून यादीत ठेवा, आणि त्याला तसं आनंदाने सांगा. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी इंटरॅक्ट आहे, अठरा पूर्ण झालेल्यांसाठी रोटरॅक्ट. आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांना ते जरूर सांगा.

८. नव्या सदस्याचं पहिलं काम

दिवाळीतल्या दात्यांची यादी नव्या सदस्याच्या हाती द्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रक्त दिलेला पुरुष २६ जानेवारीला पुन्हा पात्र असतो. दिवाळी नोव्हेंबरात आली असेल तर शिबिर १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला ठेवा. ऑक्टोबरअखेर रक्त दिलेल्या स्त्रियांसाठी ८ मार्च सोयीचा. हिमोग्लोबिन कमी निघालेल्यांची नावं वेगळी काढून, त्यांनी डॉक्टरांना दाखवलं का हे मार्गशीर्षातच विचारायचं. तारीख ठरवणं, रक्तकेंद्राला पत्र, दात्यांना फोन ही तिन्ही कामं त्यानेच करावीत, जोडीदार जुन्या सदस्याने नुसतं बरोबर राहावं. पत्र शिबिराच्या महिनाभर आधी जायला हवं, म्हणजे २६ जानेवारीसाठी नाताळच्या आत.