कम्प्लायन्सची फाइल पूर्ण, पण ऑफिस गप्प? या चुका टाळा

एका वार्षिक आढाव्याच्या बैठकीत पडद्यावर ओळ झळकली: ‘या वर्षी हॉटलाइनवर आलेल्या तक्रारी: शून्य’. हॉटलाइन म्हणजे कर्मचाऱ्यांनी ऑफिसातले गैरप्रकार कळवायची सोय. सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या आणि विषय पुढे सरकला. शेकडो माणसं जिथे काम करतात तिथे वर्षभरात एकालाही काही खटकलं नसेल, हे मला पटलं नव्हतं. पण मीही तेव्हा बोलले नाही. पुढे कम्प्लायन्सचं, म्हणजे कंपनीत कायदे आणि नियम पाळले जातात ना हे पाहण्याचं, काम करताना ती बैठक मला वारंवार आठवत राहिली.

शून्यावर खूश होणं

गैरव्यवहार उघडकीस येतात ते मुख्यतः माणसांनी सांगितल्यामुळे. फसवणूक तपासणाऱ्या व्यावसायिकांची ‘एसीएफई’ ही आंतरराष्ट्रीय संघटना दर दोन वर्षांनी जगभरातल्या प्रकरणांचा अहवाल काढते. 2024च्या अहवालातली 43 टक्के प्रकरणं कुणीतरी खबर दिल्यामुळे बाहेर आली होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खबरा कर्मचाऱ्यांच्या होत्या. अंतर्गत ऑडिटमधून सापडलेली प्रकरणं होती 14 टक्के. म्हणजे तक्रारी बंद झाल्या की धोका ओळखण्याचा सगळ्यात मोठा मार्गच बंद होतो.

आकडा शून्य असेल तर काय तपासायचं? आधी दहा जणांना सहज विचारा, ‘काही चुकीचं दिसलं तर कुठे सांगशील?’ सहा-सात जण अडखळले तर हॉटलाइन फक्त पोस्टरवर आहे. मग पाहा, तक्रार पोचते कुणाकडे. वरच्या साहेबांविरुद्धची तक्रार त्यांच्याच हाताखालच्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडत असेल, तर ती कोण करेल? अमेरिकेच्या 2002च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांमध्ये हिशेबाच्या तक्रारी स्वीकारायची व्यवस्था ऑडिट समितीकडे, म्हणजे व्यवस्थापनापासून स्वतंत्र असलेल्या संचालकांच्या समितीकडे, सोपवली, ती याच अडचणीमुळे. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: बहुतेक माणसं आधी आपल्या मॅनेजरशीच बोलतात. ते बोलणं कुठेही नोंदलं जात नाही. नोकरी सोडताना सांगितलेल्या गोष्टींचंही तसंच. या दोन्ही ठिकाणी शोधलं की शून्याचा आकडा बदलतो.

तक्रार आल्यावर गप्प बसणं

चौकशी गोपनीय असते, म्हणून तक्रारदाराला काहीच कळवायचं नाही असा समज आहे. त्याच्या बाजूनं बघा. महिनाभर धीर गोळा करून त्यानं मेल लिहिला आणि समोरून चकार शब्द नाही. तो पुन्हा लिहीत नाही, आणि शेजारच्यालाही सांगतो, ‘काही उपयोग नाही.’

युरोपियन युनियननं 2019मध्ये जागल्यांच्या, म्हणजे व्हिसलब्लोअरांच्या, संरक्षणासाठी निर्देश काढला. त्यात तक्रार मिळाल्याची पोच 7 दिवसांत आणि पुढे काय केलं याची माहिती त्यानंतर 3 महिन्यांच्या आत द्यायला सांगितलं आहे. तो निर्देश लागू नसला तरी या मुदती स्वतःहून पाळता येतात. कुणाला काय शिक्षा झाली हे सांगायची गरज नसते. ‘तुम्ही सांगितलेलं तपासलं, काही बाबींत तथ्य आढळलं, त्यावर पावलं उचलली आहेत’ एवढं पुरतं. तथ्य आढळलं नाही, तर तेही तितक्याच आदरानं सांगावं.

‘हे कुणी लिहिलं?’

तक्रार तपासायची सोडून तक्रार करणाऱ्याच्या मागे लागणं: माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑगस्ट 2001मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या उपाध्यक्षा शेरॉन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना हिशेबातल्या गडबडीबद्दल लेखी सावध केलं. काही दिवसांतच कंपनीच्या बाहेरच्या वकिलांकडून एक सल्ला आला: वॉटकिन्स यांना कामावरून काढलं तर कायद्याच्या दृष्टीनं काय होऊ शकतं. डिसेंबरमध्ये एन्रॉननं दिवाळखोरी जाहीर केली. याच कंपनीची नीतिसंहिता 64 पानांची होती.

सूड नेहमी बडतर्फीच्या रूपात येत नाही. बैठकीचं निमंत्रण यायचं थांबतं, चांगलं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे जातं, वर्षाअखेरीला रेटिंग एका पायरीनं घसरतं. प्रत्येक गोष्टीला वेगळं, रीतसर कारण दाखवता येतं. म्हणून तक्रारीचा निकाल लागला की काम संपलं असं समजू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्या माणसाचं रेटिंग, पगारवाढ, शिफ्ट, बदली पाहायची तारीख तेव्हाच कॅलेंडरमध्ये टाका. ही पाहणी त्याच्या साखळीतल्या वरिष्ठाकडे देऊ नका.

माणसं बदलणं, टार्गेट तेच ठेवणं

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात खाती, कार्डं अशी आठ उत्पादनं बांधण्याचा आग्रह होता. टार्गेट गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर 2016मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर पाच वर्षांत सुमारे 5,300 जणांना काढून टाकलेलं होतं. हॉटलाइनवर कळवल्यावर आपली नोकरी गेली, असं काही माजी कर्मचाऱ्यांनी सांगितलं. अशा न विचारता उघडलेल्या खात्यांचा अंदाज पुढे 35 लाखांपर्यंत गेला.

एका शाखेत एकानं नियम मोडला, तर त्या माणसाकडे बघा. तोच नियम तशाच पद्धतीनं दहा शाखांत मोडला जात असेल, तर टार्गेट कुणी ठरवलं, ते सरळ मार्गानं गाठता येतं का आणि न गाठल्यास काय होतं, हे विचारा. इन्सेंटिव्हची योजना जाहीर होण्याआधी कम्प्लायन्सच्या माणसाला दाखवावी, असा माझा आग्रह असतो. नंतर दाखवून काही हाती लागत नाही.

‘या वेळेपुरतं’

मागची तारीख टाकून सही, अप्रूव्हलआधीच व्हेंडरला काम, दुसऱ्याच्या लॉगिननं केलेली नोंद. पहिल्या वेळी कसंतरी वाटतं, पाचव्या वेळी ती पद्धत होऊन बसते. 1986च्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी हेच टिपलं होतं: नियमापासून ढळणं हळूहळू अंगवळणी पडतं आणि मग ते ढळणं वाटतच नाही. सवलत द्यावीच लागली तर ती लिहून ठेवा, कुणी दिली ते लिहा आणि ती कधी संपणार ती तारीख घाला.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. सगळ्यांना एकच व्हिडिओ दाखवून शेवटी टिकमार्क घेण्यापेक्षा खरेदी विभागाशी व्हेंडरच्या भेटवस्तूंबद्दल आणि सेल्सशी कमिशनबद्दल अर्धा तास बोला.

पहिलं वाक्य

सहकारी दार लोटून आत येतो आणि चाचरत काहीतरी सांगू लागतो. मॅनेजर विचारतो, ‘पुरावा आहे का तुझ्याकडे?’ इथेच संभाषण संपतं. पुरावा शोधणं तक्रारदाराचं काम नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तू काय पाहिलंस, कधी पाहिलंस, ते सांग’ असं म्हणा आणि मध्ये न बोलता ऐका. ‘कुणालाही कळणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येईलच असं नाही. ‘गरज असेल त्यांनाच सांगेन’ हे खरं आहे, तेवढंच म्हणा. स्वतः चौकशी सुरू करू नका, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या कानावर तर मुळीच घालू नका. त्याच दिवशी, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि तारीख घालून पुढे पाठवा.