रिमोट टॉवरशी रेडिओवर बोलताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीची दोन टोकं, ०७ (पूर्वेकडे तोंड करून) आणि २५ (पश्चिमेकडे). पावसाळ्यात पश्चिमेचा वारा लागला आणि सारखी २५ च मिळत गेली, की कानाला ‘टू फाइव्ह’ची सवय होते. मग एखाद्या दिवशी ‘झीरो सेवन’ आलं तरी वैमानिक बिनदिक्कत ‘टू फाइव्ह’ म्हणून रीडबॅक देतो, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवतो, आणि नियंत्रकालाही स्वतःचंच वाक्य ऐकू येतं. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. टॉवरच्या काचेतून चुकीच्या टोकाकडे निघालेलं विमान निदान दिसतं. रिमोट टॉवरमध्ये नियंत्रक दुसऱ्याच गावी पडद्यासमोर असतो आणि कॅमेऱ्याचं चित्र किंचित मागे असतं. स्वीडनमधलं ऑर्नशॉल्ड्सविक विमानतळ २०१५ पासून असंच सुंड्सवालहून चालवलं जाऊ लागलं. अशा ठिकाणी रीडबॅक शब्दन्‌शब्द ऐका.

नुसतं ‘रॉजर’ म्हणून सुटू नका. त्याचा अर्थ ऐकलं, इतकाच. धावपट्टी, होल्ड शॉर्ट (धावपट्टीच्या अलीकडे थांबा), क्लिअरन्स (परवानगी), क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) हे सगळं परत म्हणायचंच असतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. एका विमानाने ‘आम्ही टेकऑफला आहोत’ अशा धर्तीचं मोघम बोलणं केलं, टॉवरने ‘ओके’ म्हटलं, आणि पुढचे दोन संदेश एकमेकांवर चढून कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी वाजली. विमानाचा रेडिओ एएमवर (अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) चालतो, म्हणून दोघे एकदम बोलले की असं होतं. ‘टेकऑफ’ हा शब्द आता परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात.

बटण दाबल्या दाबल्या बोलू नका, पहिलं अक्षर कापलं जातं आणि ते बहुधा कॉल साइनचंच, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावाचंच असतं. ओरडूही नका, रंकाळ्याच्या काठावरून मित्राला मारतो तशी हाक माईकमध्ये फाटते.

फ्रिक्वेन्सीवर एकाएकी सगळे गप्प झाले तर आधी आपलंच बटण अडकलंय का बघा. तसं नसेल तर आवाज, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण), हेडसेटचा जॅक, फ्रिक्वेन्सी या क्रमाने तपासा. तरीही काही नाही? ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा कोड कळवणारं यंत्र) ७६०० लावा, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचं कळेल, आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. रिमोट टॉवरमध्ये तो कॅमेऱ्याच्या खांबावर असू शकतो. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल असेल तर दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.